एकवीस तास वीस मिनिटे

रात्री नऊ चाळीसला आत आला
भरमा गुंजीकर, वय एकावन्न,
उद्यमबागेतल्या फौंड्रीत साचे भरणारा.
छातीवर तळहात असा धरलेला
की खिशातले काही सांडेल.

खाट चार. निरीक्षण.
म्हणजे दाखल नाही, आणि बाहेरचाही नाही.
मी काउंटरवर वेळ टाकली.
दुखणे दुपारीच सुरू झाले होते,
साच्यात वाळू दाबताना,
पण ती दुपार फॉर्ममध्ये कुठे बसत नाही.

माझे काम असे:
डॉक्टर हिरेमठ घाईत जे लिहितात
त्याचे एक अक्षर, दोन आकडे, एक टिंब, आणखी एक आकडा करायचा.
छातीत दुखते, कारण ठाऊक नाही:
आर शून्य सात पॉइंट चार.
फॉर्म कन्नडमध्ये, कोड इंग्रजीत,
आणि गुंजीकरची बायको काचेला नाक लावून विचारते,
"काय लिवलाय हो त्यात?"
खानापूरच्या शाळेत मला शुद्धलेखनाला
पैकीच्या पैकी पडायचे.
आता एक टिंब चुकले
की बेंगळुरूहून दावा परत.

रक्त काढले दहाला, पुन्हा पहाटे चारला.
दोन्ही वेळा हृदयाने काही कबूल केले नाही.
ईसीजीची पट्टी सिस्टर लक्कव्वाने
घडी घालून फाइलीत सारली, बाजाराच्या यादीसारखी.
दिवसभर तो पंख्याकडे बघत पडून.
तीनदा विचारले, सुट्टी कधी.
एकदा विचारले, आजचा खाडा धरतील का.

संध्याकाळी सात. डॉक्टर म्हणाले, जाऊ दे.
विम्याला चोवीस तास लागतात.

मी वर गेलो. म्हटले, सर, अजून एकदा रक्त
त्यांनी चष्मा काढला.
"बेड बेकु," म्हणाले,
आणि जिन्याखालच्या बाकाकडे हात केला.
तिथे तिघे बसले होते, एकाच्या मांडीवर एक.
मी पुढे बोललो नाही.

खाली येऊन कोड बदलला.
झेड शून्य तीन पॉइंट चार:
झटक्याचा संशय होता, म्हणून पाहिले. निघाला नाही.
अख्ख्या पुस्तकात माझा आवडता.
रोगांची एवढी मोठी चाळ,
आणि तिच्यात भीतीच्या नावावर एक खोली.
विमा कंपनी त्या दारावर
सहसा टकटक करत नाही.

"काय निघालं न्हाई म्हणालाय डॉक्टर,
मग हे सहा हजार चारशे कशाचे हो?"
बघितल्याचे, मी म्हणालो.
माझे मलाच ते ऐकू आले.
तिने पिशवीतून भिशीचे पाकीट काढले,
वर बॉलपेनने लिहिलेले: मिक्सर.
थुंकी न लावता, सावकाश, दोनदा मोजले.
"आन् बिलावर लिवा,
काय निघालं न्हाई म्हणून. मोठ्या अक्षरात."

बिलावर तशी जागा नसते.
मी पाठीमागे लिहिले, पेनाने, मराठीत.
वेलांट्या बऱ्या आल्या.
तिने ते नवऱ्याला दाखवले,
त्याने वाचले, आणि पहिल्यांदा
छातीवरचा हात काढून चपला शोधायला वाकला.

नऊ चाळीसला तो परत दारात.
मेहुण्याच्या स्कूटरवर मागे बसून आलेला,
डब्याचे झाकण राहिले होते खाटेखाली.
काउंटरपाशी थांबला, घड्याळाकडे बोट केले,
"झाले की हो आता चोवीस! लिवा की मग."
स्वतःच हसला, हसताना
जरा दचकून छाती चाचपली,
पुन्हा हसला.

झाकण काढून द्यायला लक्कव्वा गेली, पाय न वाजवता.
चार नंबरवर बेळगुंदीची एक बाई होती,
काजू फॅक्टरीतली, बोटे काळी पडलेली.
तिची वेळ मी टाकली होती:
सात बावीस.